डायल टोन आहे म्हणजे लाइन ठीक आहे, असे नव्हे : दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय दूरसंचार मंत्री,
स. न. वि. वि.

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय. डायल-अपवर, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून नंबर लावून इंटरनेटला जोडण्याच्या पद्धतीवर, चालणारी यंत्रे ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: कनेक्शन लागते, पण टिकत नाही. त्यांनी कंपनीकडे तक्रार नोंदवली की पलीकडून विचारतात, डायल टोन येतो का? येतो म्हटले की 'लाइन चालू, दोष ग्राहकाच्या कॉम्प्युटरमध्ये' असा शेरा पडतो आणि तक्रार निकाली निघते. माझे म्हणणे या शेऱ्याविषयी आहे.

दोष कॉम्प्युटरमध्ये नसतोच असे मी म्हणत नाही. पुष्कळदा असतो, आणि तो शोधायची रीत सोपी आहे. कनेक्शन का तुटते हे नंतर विचारावे, आधी कधी तुटते ते पाहावे. दर वेळी ठरावीक मिनिटांनी, काही काम चालू नसताना तुटत असेल, तर विंडोजमधली किंवा सर्व्हरवरची 'निष्क्रिय असल्यास तोडा' ही मर्यादा तपासायची. लाइनचा संबंध नाही. बाहेरून कोणाचा फोन आला की तुटत असेल, तर कॉल वेटिंगचा टोन मॉडेमच्या (कॉम्प्युटरची माहिती आवाजात बदलून फोनवरून पाठवणाऱ्या यंत्राच्या) संभाषणात घुसतो आहे. ती सोय डायल करताना बंद ठेवायची. दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की तुटत असेल, तर पॅरलल जोडणी काढायची. मोठी फाइल उघडली की तुटत असेल आणि मॉडेम स्वस्तातला, म्हणजे स्वतःचे काम प्रोसेसरवर ढकलणारा असेल, तर त्याचा ड्रायव्हर बदलावा किंवा सरळ सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मॉडेम घ्यावा. (माझा कल बाहेरच्या मॉडेमकडेच. त्याचे दिवे पाहून निम्मे निदान होते.)

कनेक्शन फसले की विंडोज दाखवते ते त्रुटीचे आकडेही बोलतात. ६८० म्हणजे डायल टोनच नाही. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड नाकारला, तिथे तारा तपासत बसणे व्यर्थ. ६२९ म्हणजे पलीकडच्या यंत्राने जोडणी सोडली. शिवाय मॉडेमची नोंदवही चालू करता येते. सुरुवातीला कोणत्या वेगाने जोडणी झाली आणि शेवटी ती कोणी तोडली, हे तिथे सापडते.

एवढे करूनही कनेक्शन वेळीअवेळी तुटत राहिले, पाऊस पडला की जास्त तुटले, आणि तेच यंत्र दुसऱ्या लाइनवर नेल्यावर तासन्‌तास टिकले, तर दोष कोणाचा? लाइन बदलून पाहणे ही सगळ्यात खात्रीची चाचणी आहे. गंमत म्हणजे ती ग्राहकाला करावी लागते, लाइन ज्यांची आहे त्यांना नाही.

माणसाचे कान आणि मॉडेम यांची गरज वेगळी असते, हे इथे सांगायला हवे. टेलिफोनची वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा आवाज नेते. बोलताना मध्येच क्षणभर खरखर झाली तरी आपण वाक्य समजून घेतो. मॉडेम तसे करू शकत नाही. समोरचा संकेत हरवला की तो किती वेळ वाट पाहील हे त्याच्या एस१० या रजिस्टरमध्ये, म्हणजे सेटिंगच्या एका कप्प्यात, लिहिलेले असते. बऱ्याच मॉडेममध्ये तिथे १४ असते, म्हणजे १.४ सेकंद. तेवढ्यात संकेत परतला नाही की तो फोन ठेवतो. आकडा ५० केला तर पाच सेकंद थांबतो. वेग मुद्दाम व्ही.३४ या मॉडेमच्या जुन्या मानकावर, म्हणजे जास्तीत जास्त ३३.६ किलोबिटवर आणला, तरी खराब लाइन बऱ्याचदा तग धरते. हे दोन्ही उपाय मी रोज करतो. पण ओल शिरलेला जोड त्याने सुधारत नाही, फक्त सहन होतो.

आता नवा प्रकार सुरू झाला आहे. तांब्याची लाइन आतल्या आत आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने चालणाऱ्या नेटवर्कवर, नेली जाते. ग्राहकाच्या भिंतीवर तोच डबा, तोच फोन, तोच डायल टोन. म्हणून त्याला काहीच कळत नाही. आवाजाचे मात्र छोटे पॅकेट होतात. एखादे हरवले तर यंत्रणा अंदाजाने पोकळी भरते, आणि ती भर मॉडेमला कचरा वाटते. जी.७११ हे ६४ किलोबिटचे कोडिंग ठेवले तर मॉडेम निदान धडपडत तरी चालतो, बचतीसाठी जी.७२९ लावले, ज्यात आवाज ८ किलोबिटमध्ये दाबतात, की मॉडेमचा विषय संपला. मॉडेम सुरुवातीला जो २१०० हर्ट्झचा सूर काढतो, तो नेटवर्कला इको-कॅन्सलर, म्हणजे प्रतिध्वनी पुसणारी यंत्रणा, बंद करण्याचा इशारा असतो. तो पाळायचा की नाही हे कंपनीच्या सेटिंगवर ठरते. ग्राहकाने विंडोज कितीही वेळा नव्याने टाकले, तरी त्या सेटिंगपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

आपण म्हणाल, जग पुढे गेले. गेलेच आहे. एओएल या अमेरिकी कंपनीने डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली, आणि तारीख आधी जाहीर करून केली. त्यावर माझी तक्रार नाही. सेवा बंद करायची असेल तर तारीख सांगा, लोक पर्याय शोधतील. तक्रार आहे ती सेवा चालू ठेवल्याचे दाखवून लाइन सडू देण्याची, आणि त्याचे खापर वीस वर्षे इमानाने चाललेल्या यंत्रावर फोडण्याची. शिवाय हा प्रश्न इंटरनेटपुरता नाही. चोरीची सूचना देणारी यंत्रे, लिफ्टमधले आपत्कालीन फोन, दूरच्या मीटरची नोंद पाठवणारी उपकरणे, यांतली कित्येक अजून याच लाइनवर बोलतात.

म्हणून विनंती अशी. मॉडेमची तक्रार नुसत्या डायल टोनवर निकाली काढायला मनाई करा. लाइनवरचा गोंगाट आणि इन्सुलेशन मोजून ते आकडे ग्राहकाला लेखी द्यावेत, हा नियम करा. लाइन आयपीवर नेण्यापूर्वी ग्राहकाला लेखी पूर्वसूचना मिळावी आणि त्यात कोणते कोडिंग वापरणार हे लिहिलेले असावे. आणि प्रत्येक एक्स्चेंजला एक चाचणी क्रमांक ठेवा, ज्यावर एक मॉडेम कायम उत्तर देईल. ग्राहक त्यावर अर्धा तास जोडून राहील. जोडणी टिकली तर त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे आणावा. तुटली तर लाइनमन पाठवावा लागेल.

कळावे,
आपला,
जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक तंत्रज्ञ