आजीच्या खणाला कात्री लाव

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की कॅनव्हासचे पांढरे बूट अजून धड आहेत, पण घालावेसे वाटत नाहीत. टाकू नकोस, वरून कापड चिकटवून नवे कर. सोबत चिंध्यांची पिशवी पाठवतेय. वर माझ्या शिवणाचे सुती तुकडे आहेत आणि तळाशी, कागदात गुंडाळलेला, आजीच्या चोळीचा उरलेला खण. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, डाळिंबी रंगाचा, हिरव्या काठाचा. तिने तो सोलापूरच्या बाजारात घेतला होता.

आधी नाड्या काढ आणि बूट साबणाने, जुन्या ब्रशने खसखसून घास. शाळेत दर शनिवारी पीटीसाठी तू त्यांना पांढरं पॉलिश फासायचीस. त्याचा थर अजून कापडात बसलाय. तो राहिला तर गम कॅनव्हासला न धरता पॉलिशला धरतो आणि चार दिवसांत खपलीसारखा सुटतो. धुतल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळव.

गमाचं नीट ऐक. तुझ्या चुलतबहिणीचे बूट मी केले तेव्हा लाकडाला लावतात तो पांढरा गम वापरला होता. दिसायला छान झाले. पहिल्याच पावसात गम विरघळला, कापडाला फुगे आले आणि पोर वर्गात दिवसभर पाय बाकाखाली दडवून बसली. मला ते फार लागलं. तू कापडाचाच गम आण, धुतला तरी न सुटणारा.

बुटावर पातळ कागद दाबून धर, शिवणीच्या कडेने नख फिरव, उमटलेल्या रेघेवर काप. हा झाला साचा. कापड त्याहून अर्धा सेंटीमीटर जास्त ठेव. टाचेच्या गोलाईवर कापड उरेब, धाग्यांना तिरकं काप, म्हणजे ते ताणलं जाऊन वळतं. सरळ कापलेलं चुण्या पाडतं. खणाच्या दशा फार लवकर सुटतात, म्हणून कापण्याआधीच कापायच्या रेघेवर गमाचं बोट फिरव आणि वाळल्यावर मग कात्री लाव.

एक साचा दोनदा सारखाच ठेवून कापू नकोस. दुसऱ्या बुटासाठी तो पालथा घाल, नाहीतर एका बुटाला खणाची उलटी बाजू येईल. खण जेमतेम पुरेल एवढाच आहे, म्हणून आधी जुन्या परकराच्या तुकड्यावर करून बघ.

चालताना बोटांच्या मागे बूट जिथे दुमडतो, तिथे खण चिकटवू नकोस, रोज दुमडून तो तिथेच फाटेल. तेवढ्या पट्ट्यात मऊ सुती तुकडा घे आणि धावदोरा घाल. कॅनव्हास जाड असतो, सुई बोटात घुसते. पिशवीत माझं अंगुस्तान आहे, ते घाल. नाडीच्या भोकांवर कापड आलं तर गम वाळल्यावर आतून दाभण घालून भोक मोकळं कर. एक अख्खा दिवस वाळू दे, घाई करू नकोस.

खणाला कात्री लावताना तुझा हात अडेल, मला ठाऊक आहे. आजी गेल्यापासून नऊ वर्षं मीही तो नुसता उलगडून पुन्हा घडी करत आले. पण गेल्या महिन्यात तिची गोधडी उन्हात घातली तेव्हा पाहिलं, अगदी मधोमध तिच्या लग्नातल्या लुगड्याचा तुकडा आहे. तिने स्वतः कापलेला, बारीक टाक्यांनी शिवलेला. त्या गोधडीत तू तीन हिवाळे झोपलीस. त्याच दिवशी मी हा खण कागदात गुंडाळून तुझ्यासाठी बाजूला काढला.

काठ टाचेवर घे, मागून चालणाऱ्याला दिसेल. झाले की फोटो पाठव. टेबलावर ठेवलेल्या बुटांचा नको, पायात घातलेल्यांचा.

तुझी,
आई