झोपेची वाट पाहणे मी सोडले आहे

इंदिरानगर, नाशिक
२९ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेच्या रात्री दोन वाजता ओसरीवरचा दिवा दिसला म्हणून आई, तू उठून आलीस, मला भिंतीला टेकून गोधडी शिवताना पाहिलेस आणि काही न विचारता माझ्या कपाळाला हात लावून, ताप नाही याची खात्री करून परत गेलीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा, तुम्ही कागदाच्या पुडीत बांधलेली अर्धी गोळी माझ्या हातावर ठेवलीत आणि "आजची रात्र घेऊन बघ, शांत झोप लागेल," असे म्हणालात. मी ती गोळी तुम्हाला परत दिली तेव्हा तुमचा चेहरा उतरला, आणि त्या वेळी घरात पाहुणे असल्यामुळे मला नीट काही सांगताही आले नाही. तेव्हापासून रोज सकाळी फोनवर तुमचा पहिला प्रश्न "रात्री झोप लागली का?" हाच असतो. त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात गेल्या फेब्रुवारीत झाली. मार्चअखेरची कामे अंगावर होती, त्यातच कंपनीत हिशेबाची जुनी प्रकरणे तपासणीसाठी निघाली. पहिल्या काही रात्री झोप लागली नाही याचे मला नवल वाटले नाही. परंतु एप्रिल संपला, कामाचा ताण उतरला, तरी रात्र तशीच राहिली. साडेनऊला दिवा मालवून पडले की दहा मिनिटांत एखाद्या बिलाचा क्रमांक आठवायचा, त्यावरून ते बिल कोणत्या फाइलमध्ये लावले हे, मग मुलीच्या शाळेची फी, मग आईचा गुडघा, मग गाडीला कुलूप लावले की नाही. यांतली एकही काळजी एवढी मोठी नव्हती की तिच्यापायी रात्रभर जागावे, पण एक संपायच्या आत दुसरी उभी राहत असे. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज दिवसा माझ्या कानांवरही येत नाही, रात्री मात्र मी एकेक ट्रक मोजत असे. घड्याळात एक वाजला की आता लगेच झोप लागली तरी साडेपाच तास मिळतील असा हिशेब करायचा, दोन वाजले की साडेचार तासांचा हिशेब मांडायचा, आणि त्या हिशेबानेच छाती धडधडू लागायची.

झोप परत मिळावी म्हणून मी जे जे केले, त्यातल्या बहुतेक गोष्टींनी दुखणे वाढवले, हे मला फार उशिरा कळले. रात्री जास्त वेळ मिळावा म्हणून मी लवकर आडवी होऊ लागले, रविवारी सकाळी दहापर्यंत लोळू लागले, सुटीच्या दिवशी दुपारीही पडू लागले आणि डोळ्यांवरची झापड घालवण्यासाठी संध्याकाळी सहाला दुसरा कडक चहा घेऊ लागले. चहा-कॉफीतील कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकरा वाजता निम्मा चहा अजून अंगातच असे. शिवाय झोप ही भुकेसारखी असते. दिवसभर जागे राहिल्याने ती साठत जाते, आणि दुपारी किंवा सकाळी उशिरापर्यंत ती थोडी थोडी खाऊन टाकली की रात्री ताटावर बसावेसे वाटत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी करून घेतली, ती नीट निघाली. आठवड्यातून किमान तीन रात्री, असे तीन महिने चालले तर तो जुनाट निद्रानाश समजतात, आणि माझे तर आठ महिने होत आले होते. मला वाटले की आता गोळी मिळेल. त्याऐवजी त्यांनी दोन आठवडे एक वही लिहायला सांगितली: अंथरुणावर कधी गेले, अंदाजे कधी झोपले, किती वेळा उठले, सकाळी कधी बाहेर आले. वही पाहिली तेव्हा मी रोज नऊ तास अंथरुणात काढत होते आणि झोपत होते सरासरी साडेपाच तास.

त्यानंतर त्यांनी जे समजावले ते मी तुम्हाला आपल्या गोठ्यातल्या भाषेत सांगते. बादलीचा आवाज आला की आपली गाय पान्हावते, वासरू समोर नसले तरी, कारण त्या आवाजाची आणि धारेची तिच्या शरीरात गाठ बसलेली आहे. तीच जागा, तीच बादली, पण रोज धार काढणारा तिला मारू लागला, तर काही दिवसांत बादली दिसताच ती पान्हा चोरेल. माझ्या अंथरुणाचे तसेच झाले होते. महिनोन्‌महिने मी त्यावर जागी राहून काळज्या केल्या, त्यामुळे उशीला डोके टेकताच शरीर जागे राहण्याची तयारी करू लागले. बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकता ऐकता मला डुलकी येत असे, आणि उठून पलंगावर गेले की डोळे टक्क उघडत, याचा अर्थ मला तेव्हा प्रथम लागला.

ही गाठ सोडवण्याची रीत रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडली. अंथरुणावर फक्त झोप आली की जायचे, वीसेक मिनिटे झोप येत नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या जागी शांत बसायचे, डोळे जड झाले की परत जायचे, आणि हे रात्रीतून जितक्या वेळा करावे लागेल तितक्या वेळा करायचे. सकाळी उठण्याची वेळ मात्र रात्र कशीही गेली तरी एकच ठेवायची. आई, त्या रात्री तू जो दिवा पाहिलास तो माझ्या उपचाराचाच भाग होता. दुखणे वाढले म्हणून मी ओसरीवर बसले नव्हते. पलंगावर कूस बदलत राहायचे नाही, एवढे डॉक्टरांचे ऐकून बसले होते. हे मी तुला त्याच वेळी सांगायला हवे होते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. अंथरुणातला वेळ कमी करून त्यांनी मला रात्री बारा ते सकाळी सहा एवढेच तास दिले. पहिले दोन आठवडे फार जड गेले. संध्याकाळी साडेनऊला डोळे मिटू लागले की मी उभी राहून भांडी पुसत असे. त्या काळात त्यांनी मला दुचाकी चालवू नका असे बजावले होते, म्हणून मी अंबडला कामावर सिटी बसने जात होते. पण तिसऱ्या आठवड्यात रात्री बाराला आडवी झाले आणि ट्रक मोजायला सुरुवात करायच्या आत झोप लागली. अंथरुणातल्या वेळापैकी पंच्याऐंशी टक्के वेळ झोप लागू लागली की पंधरा मिनिटे वाढवून मिळतात, या हिशेबाने मी आता सव्वाअकराला झोपते. हे कोणी आपल्या मनाने करू नये, कारण अपस्मारासारखे (फिट येण्याचे) काही आजार असलेल्यांना कमी झोप बाधते. या सगळ्या उपचाराला झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धती म्हणतात, आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हाच उपचार करावा असे सांगितलेले आहे.

आता डोक्यातल्या विचारांविषयी. आई, तू मला नेहमी सांगतेस की विचार करू नकोस. मी ते मनापासून करून पाहिले, आणि जो विचार नको म्हणावा तोच दाराशी येऊन उभा राहतो हे अनुभवले. म्हणून आता मी विचारांना रात्रीऐवजी संध्याकाळी बोलावते. साडेसातला स्वयंपाक गॅसवर असताना ओट्याशी उभी राहून एका वहीत डाव्या बाजूला काळजी लिहिते आणि उजव्या बाजूला तिच्यासाठी उद्या करायचे पहिले काम लिहिते. "आईचा गुडघा" असे डावीकडे लिहिले तर उजवीकडे "एक्स-रेची तारीख विचारणे" असे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांची कामे लिहून काढणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली होती. नऊ मिनिटे थोडीच आहेत, पण माझ्यासाठी फरक त्याहून मोठा पडला, कारण रात्री बिलाचा क्रमांक आठवला की तो वहीत आहे एवढे मनाला सांगता येते.

बाबा, पूर्वी आपण बागेला पाटाने पाणी देत होतो तेव्हा मोटर बंद केल्यावरही पाटातले पाणी बराच वेळ वाहत राहायचे, आणि तुम्ही शेवटच्या वाफ्याचा अंदाज घेऊन मोटर आधीच बंद करायचात. मीही आता झोपण्याच्या तासभर आधी मोबाइल आणि कामाच्या गोष्टी बंद करते. घड्याळ खोलीतून काढून टाकले आहे. जाग आलीच तर मंद दिव्यात, आई, तुझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसते. हिरव्या काठाच्या लुगड्याचा तुकडा मधोमध लावला आहे, त्याच्या भोवती साधे धावदोऱ्याचे टाके घालते, कारण त्यांना लक्ष लागत नाही आणि उसवले तरी चालते. नामस्मरणही करते, फक्त ते झोप लागावी म्हणून करत नाही. तसे केले की दर माळेगणिक झोप आली का हे मन तपासत बसते.

बाबा, आता तुमच्या गोळीविषयी, आणि हे लिहिताना मला भीती वाटते की तुम्ही रागवाल. गारपिटीने बाग गेली त्या वर्षापासून तुम्ही अर्धी अल्प्राझोलाम घेत आहात. त्या वेळी ती गरजेची होती. पण उतारवयातल्या माणसांनी या जातीच्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात असे वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ सांगतात, कारण त्यांनी रात्री तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते आणि विसरभोळेपणाही वाढतो. तुम्ही पहाटे फवारणीसाठी उठता तेव्हा ओसरीच्या तीन पायऱ्या अंधारात उतरता, हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आई म्हणते की घोरता घोरता तुमचा श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून सुरू होतो. तसे असेल तर ते तपासून घेणे फार आवश्यक आहे, कारण अशा त्रासात ही गोळी घातक ठरू शकते. मात्र माझे पत्र वाचून ती एकदम बंद करू नका. इतक्या वर्षांची सवय एकाएकी तोडली तर झोप तर उडतेच, पण फिटसुद्धा येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने कमी करावी लागते. आणि कृपा करून ती दुसऱ्या कोणाला देऊ नका, मलाही नाही.

आई, तू चारला उठतेस म्हणून तुला झोप कमी पडते असे जे तुला वाटते त्याची काळजी सोड. वय वाढते तशी गाढ झोप कमी होते आणि शरीराचे घड्याळ पुढे सरकते, म्हणजे झोपही लवकर येते आणि जागही लवकर येते. तू रात्री आठला आडवी होतेस, म्हणजे चारपर्यंत आठ तास झालेच. उठल्यावर तुला ताजे वाटते ना, तेवढे पुरे.

गेल्या आठवड्यात पाच रात्री मला चांगली झोप लागली. परवा मात्र सव्वा वाजेपर्यंत जागी होते, त्यात हिरव्या काठाची एक बाजू पूर्ण झाली. येत्या शनिवारी दुपारच्या बसने निफाडला येते. बाबा, तुमच्या गोळ्यांची पाकिटे आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत काढून ठेवा, सोमवारी सकाळी आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ, त्यासाठी मी रजा टाकली आहे. आई, दोन रात्री मी तिथे असेन, तेव्हा ओसरीवर दिवा दिसला तर उठू नकोस, तुझे गुडघे दुखतील. उठलीसच, तर माझ्याजवळ बस आणि मला सुईत दोरा ओवून दे.

तुमची,
लेक