उंबऱ्यात बसलेल्या मावशींना

मावशी,
सप्रेम सलाम.

तोंडावर आभार मानले असते तर "पुरे की गं" म्हणून तुम्ही उठून गेला असता. म्हणून असं चारचौघांत लिहिते. नातू वाचून दाखवीलच.

२०१९ च्या ऑगस्टात मलप्रभा चढली आणि खानापुरातल्या आमच्या घराची मागची भिंत बसली. ती उभी राहायच्या आत हे गेले. एक रविवार न चुकवणारा माणूस. सांत्वनाला आलेल्यांनी काय काय ऐकवलं! देवाची योजना, विश्वासाची परीक्षा. एकजण तर म्हणाले, प्रार्थनेत कुठंतरी कमी पडला असाल. एका बाईंनी पंडिता रमाबाईंचा दाखला दिला: १९२१ साली एकुलती एक मनोरमा गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. तुम्ही कोपऱ्यातून एवढंच विचारलंत, "त्या रडल्या न्हाईत म्हणून कुणी सांगितलं?"

रोज दुपार कलली की तुम्ही शेंगांची बुट्टी घेऊन यायचात आणि उंबऱ्यात बसून फोडत राहायचात. मूठभर माझ्यापुढं सरकवायचात. उपदेश नाही, शास्त्र नाही. शेवटी मीच चिडून बोलले, मला प्रार्थना करवत नाही, देवाचा राग येतो. तुम्ही दचकला नाहीत.

"मग त्यालाच सांग की. ईयोबानं सांगितलं. त्याचे मित्र सात दिवस गप बसले तोवर बरे होते. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला."

ईयोब म्हणजे बायबलातला सगळं गमावलेला माणूस; त्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवाचा राग पेटतो तो देवाचीच बाजू घेणाऱ्या त्या मित्रांवर, हे इतकी वर्षं रविवारच्या शाळेत जाऊनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग तुम्ही ८८ वं स्तोत्र काढून दिलंत. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडं वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. तरी ते देवालाच ऐकवलेलं. पुष्कळ दिवस मी तेवढंच म्हणत होते, दुसरं काही येतच नव्हतं.

हे का गेले, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलंय असा आव तुम्ही कधी आणला नाहीत, त्याचे सगळ्यात जास्त आभार.

त्या नाताळाला मंदिरात आले, मागच्या बाकावर बसले. गाणं म्हटलं, एक कडवं सोडून. तुम्ही पाहिलंत आणि पुढं बघितलंत.

बुट्टी अजून माझ्याकडंच आहे. रविवारी उपासना सुटल्यावर न्यायला या. शेंगा मी आणून ठेवते.

तुमची,
गल्लीतली पोर