कुलूप आपलं, किल्ली कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परभणीच्या मोंढ्यात एका आडत दुकानात मी 19 वर्षांपासून मुनीम आहे. पूर्वी वह्या रात्री तिजोरीत जायच्या. आता पट्ट्या (मालविक्रीचे हिशेब), उचलीचे खाते, शेतकऱ्यांच्या आधारकार्डाचे आणि पासबुकाचे फोटो सगळे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या कंपन्यांच्या साठ्यात असतात.

सोयाबीनच्या हंगामात आमच्या ऑपरेटरने सीएकडे पाठवायला एक फोल्डर शेअर केले, पण 'लिंक असलेला कोणीही' ही सेटिंग तशीच राहिली. लिंक व्हॉट्सअॅपवर फिरत राहिली. आठ दिवसांनी एका शेतकऱ्याचा मुलगा दुकानात आला, मोबाइल पुढे धरून म्हणाला, "काका, हे आमच्या बापूंचं पासबुक ना?" मला घाम फुटला. ते पासबुक त्या शेतकऱ्याने माझ्या हातात दिले होते.

क्लाउड कंपन्या माहिती एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवतात, हे खरे. पण किल्ली सहसा त्यांच्याकडेच असते आणि आपला पासवर्ड किंवा अशी लिंक कुणाच्या हाती लागली की त्याला सगळे सरळ वाचता येते. म्हणून फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद करून मगच वर चढवावी. आम्ही त्यासाठी क्रिप्टोमेटर नावाचे सॉफ्टवेअर घेतले. कॉम्प्युटरसाठी ते फुकट आहे. त्यातली एईएस ही एन्क्रिप्ट करण्याची पद्धत 2001 पासून प्रमाणित आहे आणि 256 बिटांची किल्ली अंदाजाने काढणे कुणाच्या आवाक्यातले नाही. आता ड्राइव्ह उघडला तर 'तूर पट्टी' हे फाइलचे नावसुद्धा दिसत नाही, नुसती अक्षरांची खिचडी. सीएला काही द्यायचे तर पासवर्ड लावून झिप पाठवतो आणि पासवर्ड फोनवर सांगतो.

एक मात्र आहे. पासवर्ड हरवला तर कंपनीलाही फाइल उघडून देता येत नाही. म्हणून रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड हरवला तरी कुलूप उघडणारी राखीव किल्ली, कागदावर उतरवून एक प्रत तिजोरीत आणि एक शेठजींच्या घरी ठेवली आहे.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे आणि 2025 च्या नियमांत एन्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. मोंढ्यात याची चर्चाच नाही. बाजार समितीने आवक कमी असताना एका दुपारी सगळ्या मुनीम-ऑपरेटरांना बसवून हे करून दाखवावे. हिशेबाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनीही पैसे घेण्याआधी सांगावे की किल्ली कोणाकडे राहणार. समिती जागा देत असेल तर शिकवायला मी स्वतः येईन.

आपला,
एक मुनीम, नवा मोंढा, परभणी