खगोल सहल पंचांग पाहून ठरवा

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की मुंबईतल्या शाळांत सहलींची आखणी सुरू होते. हल्ली त्यात आकाशदर्शनही असतं. तारीख मात्र ठरते बस कधी मिळते आणि चाचणी परीक्षा कधी संपते यावर. मग ऐन शुद्ध त्रयोदशीला मुलं अंधाऱ्या आकाशासाठी कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला उतरतात, आणि लख्ख चांदण्यात जे दिसतं ते दादरच्या गच्चीवरूनही दिसलं असतं.

चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो. वद्य दशमीला तो मध्यरात्र उलटून दोनच्या सुमारास वर येतो, शुद्ध तृतीयेला रात्री साडेआठच्या आसपास मावळतो. या दोन तिथींमधला शनिवार धरावा. मध्ये नऊ दिवस असतात, त्यामुळे एक शनिवार मिळतोच, कधी दोन. रविवारी परतताना मेगाब्लॉक सुरू होण्याआधीची लोकल पकडायची, एवढं भान ठेवलं की झालं.

शनीची कडी, गुरूचे चार चंद्र, चंद्रावरची विवरं यांसाठी शहराबाहेर जायची गरजच नाही. शाळेची गच्ची पुरे. चंद्र पाहायचा तर शुद्ध अष्टमीला. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं. अंधार लागतो तो आकाशगंगेचा पट्टा आणि देवयानी दीर्घिका पाहायला.

सर्वाधिक घोटाळा दुर्बिणीपाशी होतो. शाळांकडे बहुधा सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण असते, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं) १२०० मिलिमीटर. त्याला नेत्रिकेच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागलं की वर्धन मिळतं. १० मिलिमीटरची नेत्रिका लावली की १२० पट मोठं दिसतं म्हणून सगळे तीच लावतात. पण या दुर्बिणीला मोटर नसते. एवढ्या वर्धनाला मध्यावर आणलेला ग्रह मिनिटभरात कडेला सरकतो, आणि रांगेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या मुलाला काळोख दिसतो. बिचारा ‘दिसलं’ म्हणून पुढे जातो. २५ मिलिमीटरची नेत्रिका लावा. वर्धन ४८ पट, पण ग्रह दिसणाऱ्या क्षेत्राच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जायला चारेक मिनिटं घेतो. दर तिसऱ्या मुलानंतर नेम तपासायचा. चाळीस मुलांना एक वस्तू दाखवायला पाऊण तास जातो, म्हणून रात्रीत चार-पाचच वस्तू ठरवाव्यात. शोधक दुर्बीण, म्हणजे नेम धरायला वर बसवलेली छोटी दुर्बीण, दिवसाउजेडी लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवून ठेवावी. सूर्याच्या दिशेला चुकूनही नाही.

डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या पडद्याने ती वाया जातात. विजेरीवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर बांधावेत. पहाटे दव पडतं. भिंगाच्या दुर्बिणीपुढे जाड काळ्या कागदाची नळी, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांब, लावली तर बराच वेळ निभावतं. दव रुमालाने पुसलं तर भिंगावरचा लेप कायमचा खरवडला जातो.

नक्षत्रांच्या नकाशात पूर्व-पश्चिम उलट का, हा प्रश्न दर वर्षी येतो. नकाशा डोक्यावर धरायला सांगा, उत्तर मिळतं. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री सव्वानऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य तारा क्षितिजापासून सुमारे १८ अंशांवर असतो आणि उत्तरेला ध्रुव १९ अंशांवर. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. दोन्हीकडे जेमतेम दोन मुठी भरतात, आणि ध्रुवाची उंची जागेच्या अक्षांशाइतकीच असते, म्हणून त्या मुठींवरून मुंबईचे अक्षांश मोजून होतात.

दिवसाचा उपक्रम हवा असेल तर शून्य सावलीचा: सूर्य नेमका माथ्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो दिवस. मुंबईत तो १५ मेच्या सुमारास येतो. जुलैअखेरीलाही येतो, पण तेव्हा ढग असतात. मे महिन्यात शाळा बंद, म्हणून प्रयोग मुलांकडे घरच्या गच्चीसाठी सोपवावा: पीव्हीसी पाइपचा सरळ कापलेला तुकडा, ओळंब्याने उभा केलेला. बाराच्या ठोक्याला सावली दिसते आणि मुलं प्रयोग फसला म्हणून खाली उतरतात. मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेच्या मागे चालतो; त्या दिवशी तो माथ्यावर येतो १२ वाजून ३५ मिनिटांनी.

– एक विज्ञान शिक्षक, मुलुंड