फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरची देखभाल कोणी करायची?

महोदय,

सार्वजनिक ग्रंथालयांच्या संगणकीकरणाचा विषय निघाला की बोट बहुधा तुटपुंज्या अनुदानाकडे दाखवले जाते. ती तक्रार खरी आहेच. परंतु दादरमधील एका ग्रंथालयाचा सर्व्हर गेली काही वर्षे विनामोबदला सांभाळणारा सभासद म्हणून मला दुसरी एक उणीव अधिक जाणवते. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो असे सॉफ्टवेअर, आपण हौसेने बसवून घेतो, पण त्यासाठी मदत कशी मागायची हे शिकत नाही आणि मदत मिळाल्यावर आपणही काही द्यायचे असते, हे तर कोणाच्या गावीही नसते.

आमच्याकडे पुस्तकांच्या नोंदी, शोध आणि देवघेव सांभाळणारी ‘कोहा’ ही मुक्त स्रोत प्रणाली आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये ही नवी प्रणाली लिहून घेण्यात आली आणि पुढे तिचा स्रोत सर्वांसाठी खुला झाला. कोहा हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट, पण घेणाऱ्यानेही कधीतरी द्यावे हे ज्यात गृहीत असते अशी भेट. शेजारून आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, ही आपल्याकडची रीत त्याच जातीची आहे.

आमचे भांडे बरीच वर्षे रिकामेच जात होते. सर्व्हर ज्या ठेकेदाराने बसवला त्याच्याकडे वार्षिक देखभालीचे कंत्राट होते. एका पावसाळ्यात यंत्र बिघडले म्हणून त्याने सगळे नव्याने बसवून दिले आणि तेव्हापासून इंग्रजी पुस्तके शोधात सापडत, पण देवनागरीत ‘कोकण’ एवढा साधा शब्द टाकला तरी पडद्यावर शून्य नोंदी दिसत. पुस्तके कपाटात होती, नोंदीही उघडून वाचता येत होत्या. देवघेव विभागातील बाई शेवटी जुन्या कार्डांचे खण पुन्हा उघडून बसल्या. ठेकेदाराचे उत्तर होते, ‘सॉफ्टवेअर फुकटचे आहे, असे चालायचेच.’

मग मी थेट कोहा प्रकल्पाच्या स्वयंसेवकांना लिहिले. ‘शोध चालत नाही, तातडीने मदत करावी’ या माझ्या पहिल्या पत्राला कोणी उत्तर दिले नाही आणि मला त्याचा रागही आला. पण डॉक्टरकडे जाऊन नुसते ‘बरे वाटत नाही’ म्हणणाऱ्या रुग्णासारखे माझे वागणे होते. दुसऱ्यांदा लिहिताना कोहाची आणि सर्व्हरवरील ‘डेबियन’ या कार्यप्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) नेमकी आवृत्ती, टाकलेला शब्द, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल आणि लॉगमधील, म्हणजे सर्व्हर आपोआप ठेवतो त्या नोंदवहीतील, त्या वेळच्या ओळी, संकेतशब्द वगळून, दिल्या. त्याच रात्री उलट प्रश्न आला: शोधासाठी शब्दांची अनुक्रमणिका करणाऱ्या ‘झेब्रा’ या कोहाच्या घटकामध्ये ‘सीएचआर’ पद्धत लावली आहे की ‘आयसीयू’? पहिली रोमन लिपीच्या सोयीची आहे. दुसरी युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय प्रमाणाच्या, नियमांनी शब्द ओळखते, त्यामुळे देवनागरीसाठी तीच लागते. नव्याने बसवताना ती लावायची राहून गेली होती. एक बदल करून संपूर्ण अनुक्रमणिका पुन्हा बांधली आणि ‘कोकण’ सापडले. यासाठी आम्ही एक रुपयाही दिला नाही. देणे मात्र लागत होतो.

हे देणे फेडायला प्रोग्रामिंग यावेच लागते असे नाही, हा मुद्दा ग्रंथपालांनी ध्यानात घ्यावा. कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. तिच्यातली प्रत्येक दुरुस्ती लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी वापरून पाहून ‘चालते’ अशी सही केल्यावरच पुढच्या तपासणीला जाते. अशी चाचणी ब्राउझरमधूनही करता येते. आपल्या सर्व्हरला हात लागत नाही. दररोज देवघेव सांभाळणाऱ्या व्यक्तीला यातले जेवढे कळते, तेवढे कित्येक अभियंत्यांना कळत नाही. मराठी शब्दांची बाबही तशीच. राखून ठेवलेले पुस्तक, अनामत, दाखल क्रमांक हे शब्द ग्रंथालयात काम करणाऱ्यानेच सुचवले पाहिजेत. नाहीतर शब्दकोशातून उचललेले काहीतरी पडद्यावर येते आणि सभासद मुकाट्याने इंग्रजी पर्याय निवडतात.

काही दोष तर आपल्याशिवाय कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एकात खाली टिंब असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ती वेगळी अक्षरे वाटतात. त्यामुळे एकाने नोंदवलेले पुस्तक दुसऱ्याच्या शोधात हुकू शकते. वेलिंग्टनमध्ये बसलेल्या प्रोग्रामरला हे कसे उमगावे? बारकाईने पाहिलेल्या अशा गोष्टीचे मोल किती असते ते मार्च २०२४ मध्ये दिसले. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक का लागतो, या शंकेचा पाठपुरावा करताना आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला ‘एक्सझेड’ या माहिती आकुंचित करणाऱ्या, सर्व्हरोसर्व्हरी पोहोचू पाहणाऱ्या मुक्त स्रोत घटकात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला.

व्यावसायिक मदत घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. रात्री-अपरात्री सर्व्हर बंद पडला तर धावून यायला स्वयंसेवक बांधील नसतात. त्यासाठी पैसे मोजून कंत्राट करणेच योग्य. पण त्या कंत्राटात ठेकेदाराने केलेली प्रत्येक दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी आणि सर्व मांडणी लिहून ग्रंथालयाच्या हाती द्यावी, अशी दोन कलमे असावीत. आमच्या कार्यकारिणीने यंदाच्या नूतनीकरणात ती घातली, तेव्हा ठेकेदाराने थोडी कुरकुर करून सही केली. मुंबईतील इतर ग्रंथालयांना तो मसुदा हवा असल्यास आम्ही आनंदाने देऊ, आणि त्यांच्याकडे ‘ऱ’चा हा घोटाळा आढळला असेल, तर आवृत्तीसह त्याची नोंद प्रकल्पाकडे जरूर करावी.

आपला,
एक सभासद,
दादर, मुंबई