मंत्रीसाहेब, आम्हाला स्पीड नको, नीट बोट आणि नीट धक्का द्या

मा. बंदरे मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार, मी साताऱ्यात राहतो, मूळ गाव कोयनेच्या बॅकवॉटरला, तापोळ्याच्या पलीकडं कांदाटी खोऱ्यात. अंदमानला फिरून आलेली गावातली पोरं म्हणतात तिथं पोर्ट ब्लेअरवरून हॅवलॉकला मॅक्रूझ कंपनीची वेगवान कॅटामरान बोट दीडेक तासात पोचवते, तसली बोट शिवसागरात, म्हणजे आमच्या कोयना धरणाच्या जलाशयात पाहिजे. मला ते तसंच्या तसं पटत नाही.

आमचं पाणी डोंगरांच्या मधे, कित्येक ठिकाणी अरुंद, त्यात बारक्या होडीतनं जाळी टाकणारी माणसं असतात, जोरात बोट गेली की तिच्या लाटांनी त्यांचे हाल होतील. पण कॅटामरानचा खरा फायदा वेगळाच आहे, दोन बारीक होड्या शेजारी जोडाव्यात तसा तिचा तळ असतो न वर रुंद डेक, त्यामुळं माणसं एका अंगाला सरकली तरी ती सहजासहजी कलंडत नाही. आजारी माणूस, बाळंतीण, गॅसची टाकी, खताची पोती, आमचं सगळं पाण्यावरनंच जातं हो.

कोचीची वॉटर मेट्रो बघा, २०२३ पासून चालू आहे, कोचीन शिपयार्डनं बांधलेल्या बॅटरीवरच्या कॅटामरान, १०० माणसांच्या, बेटांवरची लोकं त्यातनं रोज कामाला जातात. त्यांचा स्पीड बेताचाच आहे. आम्हाला यापेक्षा लहान चालेल, आणि कोयनेची वीज १९६० मेगावॅट, आमच्या आज्या-पणज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्यात, तर बोटी चार्ज करायला त्यातली थोडी वीज मागणं जास्त आहे का?

आता मुख्य मुद्दा, धक्का. कोचीत तरंगता धक्का आहे, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो. पण आपलं धरण १०५ टीएमसीचं, पावसाळ्यात भरतं न मेपर्यंत इतकं उतरतं की समुद्राची भरती त्यापुढं काहीच नाही, लाँच पार खाली लागते आणि म्हातारी माणसं गाळातनं, दगडातनं वर चढतात. म्हणजे कोचीचा धक्का उचलून आणून चालणार नाही, पाणी उतरेल तसा खाली सरकवता येणारा धक्का आणि तिथपर्यंत पक्का उतार करावा लागेल, हे झाल्याशिवाय कितीही भारी बोट आणली तरी पेशंटला स्ट्रेचरवरनं तिच्यात चढवणार कसं?

म्हणून साहेब सर्व्हेला इंजिनिअर पाठवाल तर मे महिन्यात पाठवा, भरल्या धरणात नको, आणि त्यांना सामानासकट लाँचमधनं उतरून गावापर्यंत चालत यायला सांगा, जेवणाची सोय आम्ही करतो.

आपला,
कांदाटी खोऱ्यातला एक रहिवासी